पैसापुरवठा : दोन देशांची कालानुक्रमी तुलना

दोन देशांतील एकूण पैसा ठरावीक काळात किती वेगाने वाढला किंवा घटला, हे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची पद्धत. महागाई, विनिमय दर आणि बँकव्यवस्थेचा विस्तार यांच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो. आलेख काढणे सोपे आहे. अडचण त्याआधीच येते, कारण पैसा कशाला म्हणायचे हे प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक आपापले ठरवते.

ठाण्यातल्या एखाद्या कुटुंबाची बचत उदाहरणादाखल घ्यावी. घरातली रोकड आणि वाशीच्या बाजार समितीतल्या गाळ्याच्या चालू खात्यातली शिल्लक एम१मध्ये, म्हणजे लगेच खर्च करता येणाऱ्या पैशाच्या मापात, मोजली जाते. बचत खात्यातल्या रकमेचा काही भाग एम१मध्ये धरतात, उरलेला मुदत ठेवींबरोबर एम३मध्ये, म्हणजे एम१ला पोटात घेणाऱ्या व्यापक मापात. नौपाड्यातल्या सहकारी बँकेतली मुदत ठेवही एम३मध्येच येते. टपाल कार्यालयातल्या सगळ्या ठेवी मात्र एम४ या त्याहून व्यापक मापात पोचेपर्यंत मोजून होत नाहीत आणि राष्ट्रीय बचत पत्रे तिथेही वगळतात. पतपेढीतली ठेव यांपैकी कशातच नाही, कारण पतपेढी ही बँक नव्हे. तिने ते पैसे बँकेत ठेवले की ते तिच्या नावावर मोजले जातात. भिशीची रोकड मात्र कुणीही न विचारता एम१मध्ये येतेच.

अमेरिकेत हिशेब वेगळा. एम२ या तिथल्या व्यापक मापात एक लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या मुदत ठेवी धरत नाहीत. भारताच्या एम३ला अशी मर्यादा नाही. उलट, किरकोळ गुंतवणूकदारांचे मनी मार्केट फंड, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसा गुंतवणारे फंड, तिथे एम२मध्ये येतात, आपल्याकडचे तशाच प्रकारचे लिक्विड फंड एम३च्या बाहेर राहतात. अमेरिकेने स्वतःचा एम३ मार्च २००६ पासून प्रसिद्ध करणेच थांबवले. त्यामुळे भारताचा एम३ आणि अमेरिकेचा एम२ ही जोडी वापरतात, पण ती कामापुरतीच.

व्याख्या मध्येच बदलली की आलेख फसवतो. मे २०२० पासून अमेरिकेने बचत खाती एम१मध्ये धरली आणि तो आकडा एकदम तिपटीहून मोठा झाला. नवा पैसा मात्र त्यामुळे आला नव्हता. भारतात ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत लोकांकडील रोकड काही आठवड्यांत निम्म्यावर आली, तरी एम३ फारसा हलला नाही, कारण नोटा खात्यांत जमा झाल्या. जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला विलीनीकरणासह आणि त्याशिवाय असे दोन्ही आकडे द्यावे लागले.

रुपयांचे डॉलर करून तुलना करणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. २०११ च्या मध्यास डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता, ऑगस्ट २०१३ अखेर ६८ च्या आसपास गेला. या काळात एम३ रुपयांत वाढतच होता, डॉलरमध्ये मात्र तो आकसलेला दिसतो. म्हणून प्रत्येक देशाचा आकडा त्याच्याच चलनात ठेवून पायाभूत वर्षाचा आकडा १०० धरावा आणि पुढचे आकडे त्याच्या प्रमाणात मांडावेत. करोनाकाळात अमेरिकेचा एम२ फेब्रुवारी २०२० ते एप्रिल २०२२ दरम्यान सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. भारताचा एम३ मार्च २०२० ते मार्च २०२२ मध्ये सुमारे २२ टक्क्यांनी. पुढे २०२२ च्या अखेरीस अमेरिकेचा एम२ वर्षभरापूर्वीपेक्षा कमी भरू लागला. भारतात तसे झाले नाही.

पैसापुरवठ्याचे स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले गुणोत्तरही पाहतात. चीनमध्ये ते २०० टक्क्यांहून जास्त, भारत आणि अमेरिकेत १०० च्या आत. यावरून चीन बेसुमार नोटा छापतो असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. तिथली बचत प्रामुख्याने बँकांत साठते, अमेरिकेत ती शेअर आणि रोख्यांकडे वळते. मासिक आकड्यांत आणखी एक भानगड असते. अमेरिकेचे आकडे बहुधा हंगामी चढउतार काढून दिलेले असतात, आपले नसतात. दिवाळीतली रोकड आणि मार्चअखेरच्या ठेवी त्यांत जशाच्या तशा दिसतात.

बेलापूरला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय असले, तरी ठाणे जिल्ह्याचा पैसापुरवठा असा आकडा कुठेच मिळणार नाही. जिल्हावार मिळतात त्या बँकांतल्या ठेवी आणि कर्जे; ऐरोलीत काढलेली नोट पुढे कुठे खर्च होते हे कोणी नोंदवत नाही.