काळी खुर्ची आणि मेंढपाळाचा पुतळा

वेल्समधल्या ट्राउस्वनिद गावाजवळचं 'अर अस्गुर्न' हे वेल्श कवी हेद विनचं शेतघर २०१२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने विकत घेतलं. त्याआधी कित्येक दशकं कवीचा पुतण्या येईल त्याला ते दाखवत होता. घराचं दार उघडं ठेवीन, असा शब्द त्याने आजीला दिला होता. लोक यायचे ते खुर्ची बघायला. वेल्श काव्यस्पर्धेत विजेत्याला खुर्ची देतात. ही हेद विनने जिंकलेली, पण कधी न पाहिलेली.

३१ जुलै १९१७ला, पहिल्या महायुद्धातल्या पाशनडेलच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो पडला. ६ सप्टेंबरला बर्कनहेडच्या आइस्टेदवॉदमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीताच्या राष्ट्रीय स्पर्धेत, विजेत्याचं टोपणनाव पुकारलं, तेव्हा कोणीच उठलं नाही. खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ती कोरणारा कारागीर बेल्जियमचा निर्वासित होता आणि कवी मेला तो बेल्जियममध्येच. 'काळी खुर्ची' हा शब्द मात्र एकट्या हेद विनचा नाही. १८७६ साली रेक्समलाही विजेता निकालाआधीच वारला होता, आणि तेव्हाही खुर्ची अशीच झाकली होती.

मला खटकतो तो गावातला पुतळा. १९२३ साली आईच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मुलगा युद्धात गेला, पण अंगावर गणवेश नाही. उभा आहे तो मेंढपाळ. दुःखातल्या गावाला बंदूक नको होती, हे समजू शकतं. पण त्या पोशाखाने 'मेंढपाळ कवी' हे लेबल कायमचं चिकटलं आणि रानात वाढलेला भोळा पोरगा तेवढा उरला. प्रत्यक्षात शेतीकामात त्याचं मन फारसं नव्हतं असंच सांगतात. आधी त्याने लहानमोठ्या स्पर्धांत खुर्च्या जिंकल्या होत्या, १९१६ला ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा दुसरा क्रमांक होता. बर्कनहेडची 'नायक' ही दीर्घ कविता तर ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसच्या कथेशी झुंजते, तीही यमक-अनुप्रासाच्या कडक बंधनात. भोळेपणाने हे जमत नाही.

त्याच्यावरच्या १९९२च्या चित्रपटाने गणवेश परत आणला. सक्तीच्या भरतीत घरातला एक मुलगा जाणारच होता. धाकट्या भावाऐवजी हा गेला, हा त्याचा गाभा. सर्वोत्तम परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला वेल्श चित्रपट.

थडगं बेल्जियममध्ये, आर्टिलरी वूड स्मशानभूमीत. दगडावर इतरांसारखंच पलटणीचं नाव आणि शिपायाचा क्रमांक. युद्धानंतर लोकांनी विनंतीअर्ज केला, म्हणून त्यात 'महाकवी हेद विन' ही वेल्श अक्षरंही आली.