वरचा पंख वाकडा नाही! फ्लोटवाल्या स्वॉर्डफिशची पेटी उघडण्याआधी

नमस्कार. या पेटीत फेअरी स्वॉर्डफिश या ब्रिटिश विमानाचे १:४८ प्रमाणातले लाकडी भाग आहेत. यातलं विमान चाकांवर नाही, फ्लोटवर म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या होडीसारख्या पायांवर उभं राहतं. जोडणीचा कागद वेगळा दिला आहे, पण त्याआधी हे माहितीपत्रक वाचा. मागच्या खेपेनंतर आम्हाला सर्वांत जास्त फोन आले ते एकाच तक्रारीचे: "वरचा पंख मागे झुकतोय, कापताना चूक झालीय." काहींनी तर पॉलिशपेपरने घासून तो सरळही केला. कृपया तसं करू नका. या विमानाच्या घडणीतला सगळ्यात महत्त्वाचा धडा त्या झुकण्यातच आहे.

मूळ गरज ग्रीसच्या नौदलाची होती. त्यांच्याकडे फेअरी कंपनीचीच जुनी विमानं होती आणि ती बदलायची होती. त्यांच्यासाठी फेअरीने स्वखर्चाने नवं विमान आखलं. आराखडा मार्सेल लोबेल या बेल्जियन अभियंत्याचा. कामं तीन: पाणतीर म्हणजे टॉर्पेडो नेणं, युद्धनौकेच्या तोफांचे गोळे कुठे पडतात ते वरून सांगणं आणि टेहळणी. तीन कामं, म्हणून तीन माणसं. उघड्या कॉकपिटमध्ये एकामागे एक बसणारी.

पहिलं विमान २१ मार्च १९३३ रोजी उडालं. ११ सप्टेंबरला चाचणीत ते गिरकीत सापडलं. गिरकी अशी की नाक खाली जाईना, विमान आडवंच भोवऱ्यासारखं फिरत खाली येत राहिलं आणि सुकाणू काही ऐकेना. चाचणी वैमानिक ख्रिस स्टॅनिलँड पॅराशूटने वाचले, विमान गेलं.

कंपनीने काम सोडलं नाही. दुसऱ्या विमानात शेपटीकडच्या सांगाड्यात एक खण वाढवला. शेपटी लांबली की सुकाणूला तरफ जास्त मिळते आणि गिरकी मोडता येते. पण शेपटी लांबली की वजनही मागे सरकतं आणि तोल बिघडतो. तेव्हा पंखांची उचलही मागे न्यायला हवी. त्यासाठी वरचा पंख ४ अंशांनी मागे वळवला. १७ एप्रिल १९३४ रोजी हे विमान उडालं आणि तेच पुढे स्वॉर्डफिश झालं.

आपल्या प्रमाणात हा झुकाव पंखाच्या टोकाशी जेमतेम ९ मिलिमीटर भरतो. डोळ्यांना चुकीसारखा वाटावा इतकाच. म्हणून पेटीत पुठ्ठ्याचा एक त्रिकोणी माप-तुकडा ठेवला आहे. डिंक वाळण्याआधी तो वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला टेकवून बघा. खालचा पंख मात्र सरळ आहे, तो तसाच ठेवा. सांगाड्याच्या बाजूच्या तुकड्यावर, मागून मोजत जा, एक खण तुम्हाला जास्तीचा सापडेल. आम्ही तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली आहे. रंगाखाली ती झाकली जाईल, पण जोडताना तिथे क्षणभर थांबा.

फ्लोटबद्दल. त्याच दुसऱ्या विमानाची चाकं काढून फ्लोट बसवले आणि १० नोव्हेंबर १९३४ रोजी हॅम्पशरमधल्या हँबल इथून ते पाण्यावरून पहिल्यांदा उडालं. नंतर रिपल्स या युद्धनौकेवरून ते कॅटापल्टने, म्हणजे विमान जोरात पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडवून आणि क्रेनने परत उचलून पाहिलं. उचलायचं कसं? विमान नौकेशेजारी पाण्यावर उतरायचं, मग कुणीतरी वर चढून क्रेनचा आकडा वरच्या पंखाच्या मध्याशी अडकवायचा. समुद्र हलतोय, समोर पंखा फिरतोय, अशात! आमच्या मॉडेलमध्ये तिथे तांब्याच्या तारेची छोटी कडी आहे. फार लहान आहे, पेटी उघडताना सांडू देऊ नका. फ्लोट शिवणीच्या लाकडाचे आहेत. ते दोन वेगळे पायच राहू द्या, मधे आडवी काडी लावू नका. मधली जागा पाणतीराची आहे.

पुष्कळ जण विचारतात, १९३६ साली सेवेत आलेलं विमान दोन पंखांचं, कापडाचं आणि इतकं संथ कसं? वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास, फ्लोटवर त्याहूनही कमी. कारण त्याच्या पोटाखाली आहे. पाणतीराचं वजन ७०० किलोच्या वर. तो उंचावरून किंवा भरधाव सोडला तर पाण्यावर आपटून मोडतो किंवा खोल बुडी मारतो. पाण्यापासून जेमतेम १८-२० मीटरवर, संथ आणि सरळ उडत तो सोडावा लागे. एवढं ओझं घेऊन थोड्या जागेतून उठायचं आणि सावकाश उडायचं तर पंख मोठे हवेत. ते दोन थरांत विभागले आणि तारांनी ताणून बांधले की हलकेही राहतात आणि मजबूतही. शिवाय दुमडून नौकेवर मावतात. म्हणून तारांचा दोरा कंटाळून सोडून देऊ नका. दोऱ्याला मेण लावा, एक टोक चिकटवा, वाळू द्या, मग दुसरं ओढा.

नाविक या विमानाला 'स्ट्रिंगबॅग' म्हणत, म्हणजे बाजाराला नेतो ती जाळीची पिशवी. काहीही भरा, मावतंच. एकूण २,३९१ बनली. दुसऱ्या महायुद्धातला इटलीच्या टारांटो बंदरावरचा हल्ला आणि बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू निकामी करणं या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील, पण ती विमानं चाकांची होती. फ्लोटवाल्याची गोष्ट नॉर्वेतली आहे. १३ एप्रिल १९४० रोजी वॉरस्पाइट युद्धनौकेवरून उडालेल्या स्वॉर्डफिशने नार्विकजवळच्या खाडीत जर्मन विनाशिका हेरून त्यांची ठिकाणं कळवली आणि नांगरून उभी असलेली यू-६४ ही पाणबुडी बाँबने बुडवली. त्या युद्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानाने बुडवलेली ही पहिली जर्मन पाणबुडी. वैमानिक होते पेटी ऑफिसर राइस.

वॉरस्पाइटवरचं हे विमान करणार असाल तर पाणतीर लावू नका. पेटीतले दोन छोटे बाँब खालच्या पंखाखाली लावा. युद्धाआधीचं रुपेरी विमान हवं असेल तर पाणतीर लावा.

गोव्याला जाणार असाल तर बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात फेअरीचंच फायरफ्लाय उभं आहे. आपल्या नौदलाने वापरलेलं. तिथे पंख कुठून दुमडतो ते जवळून पाहता येतं.

ज्यांनी मागच्या खेपेतला पंख घासून सरळ केला, त्यांनी पेटीच्या झाकणावरचा क्रमांक कळवावा. नवा पंख आणि माप-तुकडा आम्ही पोस्टाने पाठवू, त्याचे पैसे घेणार नाही.