बिघडलेली तंतुकणिका पेशी ओळखते कशी?

शाळेच्या पुस्तकात तंतुकणिकेची, म्हणजेच मायटोकाँड्रियाची ओळख 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' एवढ्यावर आटोपते. ते खरेच आहे, पण जिथे भट्टी पेटते तिथे ठिणग्याही उडतात. अन्नातील ऊर्जा एटीपी या पेशीला वापरता येणाऱ्या रेणूच्या रूपात आणताना तंतुकणिकेतून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निसटतात आणि त्यांचा पहिला मार तिच्याच प्रथिनांना, पटलांना आणि अवघ्या ३७ जनुकांच्या छोट्याशा डीएनएला बसतो. अशी जायबंदी तंतुकणिका ऊर्जा कमी देते, घातक रेणू जास्त सोडते आणि तिचे बाहेरचे पटल फाटले तर आतील सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन बाहेर पडून सबंध पेशीच आत्मनाशाच्या वाटेला लागते. म्हणून तिला वेळीच वेगळे काढून लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, पचवून टाकावे लागते. पेशीच्या स्वभक्षणाचा, म्हणजे ऑटोफॅजीचा हा खास प्रकार मायटोफॅजी या नावाने ओळखला जातो.

पचवण्याचे काम त्या मानाने सोपे. खरी अडचण अशी की एकेका पेशीत शेकडो तंतुकणिका असतात. त्यांतली नासकी नेमकी कोणती, हे ठरवायचे कसे? पेशीने काढलेली तोड मला तरी फार देखणी वाटते. धडधाकट तंतुकणिकेच्या आतील पटलावर सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. पेशीद्रवात तयार होणारे 'पिंक-१' नावाचे प्रथिन या दाबामुळे आत ओढले जाते, तिथे एक विकर त्याचे तुकडे करते आणि उरलेला भाग काही मिनिटांतच नष्ट होतो. तंतुकणिका बिघडली की हा दाब उतरतो, पिंक-१ आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या पटलावर साचू लागते. दाराच्या कडीला दोन-तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या दिसल्या की शेजाऱ्यांना शंका येते, तसाच हा प्रकार आहे. साचलेले पिंक-१ युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाला आणि 'पार्किन' नावाच्या विकराला फॉस्फेट जोडते. जागे झालेले पार्किन तंतुकणिकेच्या पृष्ठभागावर आणखी युबिक्विटिन चिकटवते, त्यावर पुन्हा फॉस्फेट चढते, त्याने आणखी पार्किन ओढले जाते. बघता बघता ती तंतुकणिका खुणांनी भरून जाते आणि त्या खुणा वाचणारी प्रथिने तिच्याभोवती दुहेरी पटलाची पिशवी विणायला लावतात.

पार्किन हे नावच सांगते की या कथेची सुरुवात पार्किन्सनच्या आजारातून, म्हणजे कंपवातातून झाली. तरुण वयातच कंपवात होणाऱ्या काही जपानी कुटुंबांमध्ये हे जनुक बिघडलेले असल्याचे १९९८ मध्ये आढळले. पिंक-१ चा संबंध २००४ मध्ये उघड झाला. दोन वर्षांनी फळमाश्यांवरील प्रयोगांतून दिसले की यांपैकी कोणतेही जनुक काढले तरी माशीच्या उड्डाणस्नायूंतील तंतुकणिका सुजतात, आणि पिंक-१ नसलेल्या माशीला जादा पार्किन दिले तर ती बरीच सावरते. २००८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत चमकते पार्किन घातलेल्या पेशींना विद्युतदाब उतरवणारे रसायन दिले गेले. पेशीभर विखुरलेली चमक थोड्याच वेळात तंतुकणिकांवर गोळा झाली, आणि दोन दिवसांनी पाहिले तर बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिकाच उरल्या नव्हत्या.

या बिघाडाचा फटका मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींनाच एवढा का बसावा? एक कारण त्यांच्या पसाऱ्यात असावे. उंदराच्या मेंदूत अशा एकाच पेशीच्या अक्षतंतूच्या शाखांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते. एवढ्या फांद्यांना ऊर्जा पुरवायची, आणि त्यातही ही पेशी जन्मभर बदलली जात नाही. साठलेली घाण वाटून घ्यायला नवी पेशी येत नाही.

मात्र इथे हात थोडा आखडता घ्यायला हवा. पिंक-१ नसलेल्या उंदरांना माणसासारखा कंपवात होत नाही, आणि त्यांच्या पेशींमध्ये रोजची मायटोफॅजी जवळजवळ नेहमीसारखीच चालू असते. म्हणजे पिंक-१ आणि पार्किन ही आणीबाणीची यंत्रणा दिसते, नित्याची झाडलोट इतर वाटांनी होते. लाल रक्तपेशी तर पक्व होताना निक्स नावाच्या प्रथिनाच्या मदतीने चांगल्या तंतुकणिकाही एकूण एक काढून टाकतात. शिवाय कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये ही दोन्ही जनुके शाबूत असतात.

तरीही औषधाच्या दृष्टीने ही वाट मोहक आहे. यूएसपी-३० हे विकर पार्किनने लावलेल्या खुणा खुडून काढते. त्याला अडवणाऱ्या रेणूंचा शोध चालू आहे. दुसरा उमेदवार युरोलिथिन-ए. कृमींमध्ये त्याने मायटोफॅजी वाढवून आयुष्य लांबवल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डाळिंबाच्या जाहिरातींना नवा विषय मिळाला. पण हा रेणू डाळिंबात तयार नसतो. डाळिंबातील टॅनिनांपासून आतड्यातील काही जिवाणू तो घडवतात, आणि ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात असतातच असे नाही. त्यामुळे सोलापूरचे तेच डाळिंब दोन भावांनी अर्धे अर्धे खाल्ले तरी एकाच्या रक्तात युरोलिथिन-ए सापडेल आणि दुसऱ्याच्या रक्तात सापडणार नाही, असे सहज घडू शकते.