भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी भाडेकरू शोधा

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी आमच्या चिपळूणच्या कार्यालयात येतात ते बहुतेक वेळा टोकन देऊन झाल्यावरच. पहिला प्रश्न ठरलेला: "भाड्यातच हप्ता फिटेल ना?" आम्ही जागा विकत नाही. कागद तपासतो आणि कर्जाची फाईल तयार करतो. त्यामुळे खरं उत्तर द्यायला आम्हाला अडचण नाही. बहुधा फिटत नाही.

हिशोब मांडून पाहू. समजा, शहरात 30 लाखांचा वन बीएचके आहे आणि भाडं 9,000 येतं. वर्षातला एक महिना जागा रिकामी राहणार, म्हणजे हाती 99,000. सोसायटीचा मेंटेनन्स 12,000 आणि घरपट्टी, रंग, प्लंबर मिळून आणखी 12,000 धरा. उरले 75,000, म्हणजे महिन्याला 6,250. आता 20 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता जवळपास 18,000 बसतो. दर महिन्याला पावणेबारा हजार तुमच्या पगारातून जाणार. याच दराने 6,250 मध्ये फिटेल असं कर्ज जेमतेम सात लाखांचं.

बँक मात्र तुम्हाला सात लाखांवर थांबवणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. बँक तुमचा पगार बघून कर्ज मंजूर करते. तुम्ही भाडं बघून ते घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे साधारणपणे या कर्जात धरत नाहीत. वरच्या उदाहरणात ते दोन लाखांच्या आसपास जातात आणि रोख तयार ठेवावे लागतात. एक गोष्ट कर्जदाराच्या बाजूची आहे: फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली तरी दंड लागत नाही. बोनस आला, आंब्याचे पैसे आले, की मुद्दलात भरा.

करसवलतीच्या भरवशावर फार राहू नका. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं, तर नव्या करप्रणालीत तो तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत करता येतो.

राहणार कोण?

जागा निवडताना आमचा आग्रह एकच असतो. बाल्कनीतून समुद्र दिसतो का, हे नंतर बघा. बारा महिने भाडं देणारा माणूस कुठे कामाला आहे, ते आधी बघा. लोट्याच्या एमआयडीसीतले कामगार, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयात बदलून आलेले कर्मचारी, बँकांचे अधिकारी, शिक्षक, नर्स. या मंडळींना एसटी स्टँड, शाळा आणि बाजार जवळ हवा असतो. किनाऱ्यावरचा फ्लॅट दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात भरतो, पावसाळ्यात कुलूप. वर खारा वारा ग्रिल आणि एसी खातो तो वेगळाच. पाहुण्यांसाठी जागा चालवायची असेल, तर तो धंदा आहे. रोज चादरी बदलणारं कुणी गावात असेल तरच त्यात पडा.

जागा बघायला एकदा जुलैत या आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. जुलैत भिंतीची ओल दिसते, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ. टँकर कोण मागवतं, हे बिल्डरला नाही, खालच्या दुकानदाराला विचारा. चिपळुणात तर पुराची रेषा विचारल्याशिवाय तळमजल्याला हात लावू नका. 22 जुलै 2021 ला आमच्याही फाईली भिजल्या. तेव्हापासून कपाटं माळ्यावर आहेत.

कागद

ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकी नव्हे. तो घरपट्टीसाठी असतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फाईली इथेच अडतात. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघांचा पत्ताच नाही, आणि विकणारा म्हणतो, "वहिवाट आमचीच आहे." सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नसतील, तर बँक त्या कागदावर कर्ज देत नाही आणि तुम्हीही पैसे देऊ नका. बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा दाखला (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) आणि 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, हे बघाच. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतली जागा असेल, तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची परवानगीही मागा. नवीन प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाकडे, नोंदणी सक्तीची आहे. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

भाडेकरू मिळाला की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे" हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर याच कराराच्या जोरावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाता येतं. पुढच्या कर्जासाठी बँकेलाही हाच करार दाखवावा लागतो, म्हणून भाडं खात्यावरच घ्या.

येताना तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि जागेच्या सातबाऱ्याची किंवा मिळकत पत्रिकेची प्रत आणा. टोकन दिलेलं नसेल तर उत्तम. रविवारी कार्यालय बंद असतं. गणपतीत दीड दिवसाचं विसर्जन झालं की उघडतो, कारण तुम्ही तेव्हाच येता.