सीमेपलीकडे गेले की लग्नाचा दर्जा बदले: आयर्लंडमधल्या एका कायद्याची पार्श्वभूमी

२०१५ च्या अखेरीपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत आयर्लंड बेटावर एक विचित्र परिस्थिती होती. डंडॉकमध्ये रीतसर लग्न केलेले समलिंगी जोडपे वीसेक किलोमीटरवरच्या न्यूरीत राहायला गेले, की तिथल्या कायद्याने ते विवाहित उरत नसे, फक्त ‘सिव्हिल पार्टनर’ म्हणजे लग्नाचा दर्जा नसलेले नोंदणीकृत जोडीदार ठरे. वाटेत ना चौकी, ना तपासणी. पण डंडॉक आयर्लंड प्रजासत्ताकात आणि न्यूरी ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये.

या हक्कांच्या लढ्यात उत्तर आणि दक्षिण पूर्वीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत. इंग्लंड-वेल्सने १९६७ मध्ये समलिंगी संबंधांवरची फौजदारी तरतूद सैल केली, त्यातून उत्तर आयर्लंड वगळले गेले. बेलफास्टच्या जेफ्री डजन यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, १९८१ मध्ये जिंकले आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला. त्याच निकालाचा आधार घेऊन डब्लिनचे डेव्हिड नॉरिस १९८८ मध्ये आयर्लंडविरुद्ध जिंकले. तिथे मात्र कायदा बदलायला १९९३ उजाडले.

मग दक्षिण पुढे निघून गेली. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला. हा हक्क देशव्यापी सार्वमताने देणारा आयर्लंड जगातला पहिला देश. त्याच वर्षी जानेवारीत आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर जाहीरपणे सांगितले होते. मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव. २०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. त्या ऑगस्टमध्ये बेलफास्टच्या प्राइड सोहळ्याला जाऊन, उत्तरेतही हा हक्क मिळणे आता केवळ काळाचा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. शेजारच्या पंतप्रधानाने सीमेपलीकडे जाऊन हे बोलणे साधी गोष्ट नव्हती. ब्रेक्झिटमुळे सीमेचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि डीयूपी हा ब्रिटनवादी पक्ष समलिंगी विवाहाच्या ठाम विरोधात होता.

उत्तरेत लोकमत नव्हते म्हणून कायदा अडला, असे म्हणणे खरे नाही. २ नोव्हेंबर २०१५ रोजी स्टॉर्मंटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत समलिंगी विवाहाचा ठराव ५३ विरुद्ध ५२ मतांनी बहुमत मिळवून गेला होता. तरीही तो पडला, कारण डीयूपीने ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ वापरले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यापैकी कोणत्याही एका समाजाने दुसऱ्यावर बहुमत लादू नये, म्हणून तिथला दीर्घ हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ही तरतूद दिली होती. १०८ पैकी ३० सदस्यांनी सह्या केल्या, की दोन्ही बाजूंचा पुरेसा पाठिंबा आवश्यक ठरे. दुर्बलांच्या रक्षणासाठी आणलेले हत्यार अशा रीतीने दुसऱ्याच एका अल्पसंख्य गटावर चालवले गेले. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत अन्यायाची वाटते ती हीच गोष्ट.

मार्च २०१७ च्या निवडणुकीत डीयूपीच्या २८ जागा आल्या, म्हणजे एकट्याच्या बळावर अडवण्याची ताकद गेली. पण तोवर सिन फेन हा एकसंध आयर्लंडवादी पक्ष आणि डीयूपी यांचे संयुक्त सरकार कोसळले होते आणि विधानसभेला कुलूप लागले होते. लंडनमध्ये तर त्या जूनपासून थेरेसा मे यांचे अल्पमतातले सरकार डीयूपीच्याच १० खासदारांवर तगून होते.

शेवटी वाट काढली ती आर्मा परगण्यात वाढलेल्या कॉनर मॅकगिन या मजूर पक्षाच्या खासदाराने. उत्तर आयर्लंडविषयीच्या एका विधेयकाला त्यांनी मांडलेली दुरुस्ती जुलै २०१९ मध्ये ३८३ विरुद्ध ७३ मतांनी मंजूर झाली: २१ ऑक्टोबरपर्यंत स्थानिक सरकार स्थापन झाले नाही, तर समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी लागेल. सरकार झाले नाही. १३ जानेवारी २०२० पासून डंडॉकचे लग्न न्यूरीतही लग्न ठरले आणि ११ फेब्रुवारीला उत्तरेतले पहिले समलिंगी लग्न कॅरिकफर्गसमध्ये लागले.

दरम्यान त्याच जानेवारीत स्टॉर्मंट पुन्हा सुरू करण्याचा समझोता झाला होता. ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’साठी यापुढे एकाहून अधिक पक्षांच्या सह्या लागतील, हे कलम त्यातच आले.