गाव

गाव (नपुंसकलिंगी नाम) : एका शिवारात वसलेली घरं, आणि त्या घरांतली माणसंही. सातारा-सांगलीकडे हे दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात आहेत. 'गाव ओढ्यापलीकडं हाय' म्हटलं की घरं समजायची; 'गाव देवळात बसलंय' म्हटलं की माणसं.

संस्कृत 'ग्राम', प्राकृत 'गाम', त्यावरून मराठी 'गाव'. 'नाम'चं 'नाव' झालं तसंच हे. जुन्या छपाईत 'गांव' असं लिहीत. तो अनुस्वार म्हणजे झिजलेल्या 'म'ची खूण. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर लिहिण्यातून तोही गेला.

यातला जुना अर्थ घरांचा नव्हे, जमावाचा. 'शतपथ ब्राह्मण' या वैदिक ग्रंथात शर्यात मानव नावाचा राजा आपल्या 'ग्रामा'सह भटकताना दिसतो. तिथला ग्राम चालतो, मुक्काम करतो, पुन्हा निघतो. असे ग्राम समोरासमोर आले की 'संग्राम', म्हणून युद्धालाही तोच शब्द चिकटला. गीतेतला 'इंद्रियग्राम' म्हणजे इंद्रियांचा समूह, आणि संगीतात स्वरांच्या समूहालाही ग्रामच म्हणतात. जमाव एका जागी स्थिरावला तेव्हा जागेलाही त्याचंच नाव पडलं. कोरेगाव, तासगाव, कडेगाव या नावांत आज जागा दिसते ती अशी.

जागेसाठी नेमका शब्द हवा असेल तर तो 'गावठाण', म्हणजे ग्रामस्थान. घरांची जमीन पांढरी, पिकाची काळी. माणसांच्या बाजूनं 'गावकी', 'गावजेवण' आणि 'गाव करी ते राव न करी' ही म्हण. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं. दगडी चाकांचा तो गाडा सोनेश्वरापासून बैलांच्या जोड्या बदलत बदलत ओढून आणतात. त्या दिवशी 'गाव आलं' म्हणतात ते बगाडामागून येणाऱ्या गर्दीला.

माझ्या मते या शब्दाचा खरा कस कोयनेच्या खोऱ्यात लागला. धरणाच्या शिवसागर जलाशयात जावळी-पाटणातली गावठाणं बुडाली. घरं, देवळं, काळी-पांढरी सगळं पाण्याखाली गेलं आणि माणसं दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. तरी 'तुमचं गाव कंचं?' असं विचारलं की म्हातारी माणसं बुडालेल्या गावाचं नाव सांगतात, आणि लगेच तिथून कोण कुठं गेलं ते एकेक घर धरून मोजू लागतात.