स्वनिर्मित विमान : इंजिनाची जोडणी व शीतन

हौसेने स्वतः बांधलेल्या लहान विमानात इंजिन बसवणे व त्याचे तापमान मर्यादेत राखणे. येथे लायकमिंग कंपनीच्या ओ-३२० सारखे हवेने थंड होणारे, आडव्या चार सिलिंडरांचे इंजिन गृहीत धरले आहे.

सोलापुरात या कामाचा कस एप्रिल-मेमध्ये लागतो. शहराची उंची सुमारे ४६० मी. असली, तरी ४२° से. तापमानात हवा इतकी विरळ होते की विमान ५,००० फुटांवर असल्यासारखे वागते. शिवाय बाहेरचा पारा जितका चढतो, जवळपास तितकेच सिलिंडर हेडही (सिलिंडरच्या टोकाचे झाकण) अधिक तापते. १५° ला १९०° दाखवणारे हेड ४२° ला २१५° ओलांडते. कमाल मर्यादा २६०° आहे, पण इंजिन टिकायचे तर समतल उड्डाणात ते २०५° च्या आत हवे.

पोलादी नळ्यांचा माउंट (इंजिन धरणारा सांगाडा) फायरवॉलला, म्हणजे इंजिन व कॉकपिट यांमधल्या अग्निरोधक भिंतीला, बोल्टने आणि इंजिनाला रबरी गाद्यांमधून जोडतात. गाद्या कालांतराने दबतात, म्हणून स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) सुरुवातीला काउलिंगपेक्षा (इंजिनावरचे आवरण) ३ ते ५ मिमी वर ठेवतात. चालू-बंद होताना इंजिन जोरात हलते. भोवती १२ मिमी मोकळी जागा नसेल तर काउलिंग घासले जाते.

समोरून आलेली हवा सिलिंडरांच्या वर दाबाने साठते, फिनांमधून (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून) खाली उतरते आणि मागून बाहेर पडते. इंजिन तापले की पुढची भोके मोठी करण्याचा मोह होतो. तो बहुधा चुकतो. अडचण बहुतेकदा गळतीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेत असते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे निर्गमद्वार प्रवेशद्वाराच्या साधारण दीडपट लागते.

बॅफल, म्हणजे हवेला फिनांमधूनच जायला लावणारे आडोसे, ०.८ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचे करतात. त्यांच्या कडेची सिलिकॉन रबराची पट्टी आतल्या बाजूला, दाबाकडे वळलेली हवी. मग हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. उलटी वळली की हवा निसटते. बारीक फटी उष्णतारोधक सिलिकॉनने बुजवतात. अंधारात काउलिंगच्या खालच्या भागात दिवा लावून पुढच्या भोकांतून पाहावे : फिनांखेरीज कुठेही उजेड दिसला तर तिथे गळती आहे. दोन सिलिंडरांमधले खालचे पत्रे फिनांना घट्ट टेकलेले आहेत का, हे तपासायचे हमखास राहून जाते. मागच्या बॅफलवर ऑइल कूलर (तेल थंड करणारी जाळी) असल्यास तो डाव्या मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरची हवा खातो. एकटे तेच हेड तापत असेल तर आधी तिथे पाहावे. तेलकट फिनांवर काळ्या मातीची धूळ बसली की शीतन आणखी घटते.

नवे इंजिन जमिनीवर फार वेळ चालवू नये. चाचणी पहाटे, नाक वाऱ्याकडे करून घ्यावी. चढाईत हेड तापू लागले तर नाक खाली करून वेग वाढवतात. थांबल्यावर काउलिंगमधली उष्णता वर चढून इंधननळ्या तापवते. पेट्रोलची वाफ झाली तर इंजिन पुन्हा लवकर सुरू होत नाही. म्हणून उतरताच काउलिंगवरचे तेल तपासण्याचे झाकण उघडे ठेवतात, म्हणजे ती उष्णता बाहेर पडते. पंपावरचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल लायकमिंगला मान्य नाही.